आधी पायाची नाडी, मग ऑक्सिजनची टाकी



वर्षावास सुरू आहे. आमच्या तिरोड्याच्या विहारात रविवारी संध्याकाळी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन असते. मागच्या रविवारी वाचन आटोपले, मंडळी चपला शोधत होती, तेवढ्यात एका ताईंनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढून माझ्या हातात ठेवला. नागपूरच्या एका खासगी केंद्राची जाहिरात होती. काचेच्या लांबट टाकीत झोपलेला हसरा माणूस, आणि खाली मोठ्या अक्षरांत हमी की ऑक्सिजन थेरपीने बंद रक्तवाहिन्या उघडतात, पाय कापावा लागत नाही.

ताईंच्या मालकांना बारा वर्षांपासून शुगर आहे. यंदा रोवणीच्या वेळी बांधीत पायाला काहीतरी टोचले. पायाला बधिरपणा, त्यामुळे त्यांना कळलेही नाही. अंगठ्याखाली जखम झाली आणि दोन महिने होत आले तरी ती भरत नाही. केंद्राने फोनवरच तीस बैठका सांगितल्या. ताईंचा प्रश्न एकच होता : “भाऊ, अर्धा एकर गहाण ठेवू का?”

मी म्हटले, आत्ताच नको. आधी तीन कामे करा, मग ठरवू. ती तीन कामे कोणती आणि असे का म्हटले, ते सगळ्यांनाच सांगावे म्हणून हा लेख. कारण असे कागद आणि मोबाईलवरचे असे व्हिडिओ आज बऱ्याच घरांत पोचले आहेत आणि शुगरही बऱ्याच घरांत आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. ही थेरपी थोतांड नाही. ते खरे शास्त्र आहे. पण खऱ्या शास्त्राच्या आडोशाने खोटी हमी विकली जाते, तेव्हा ती ओळखणे जास्त कठीण जाते.

टाकीत नेमके होते काय?

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत आपण सगळे ऑक्सिजन हा शब्द शिकलो. बोटाला लावायचे ते छोटे यंत्र घरोघरी आले. ते ९७-९८ दाखवते तेव्हा त्याचा अर्थ असा की रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनने जवळजवळ पूर्ण भरलेले आहे. आता गंमत पाहा. ज्याच्या पायाचे बोट काळे पडत आले आहे, त्याच्याही हाताच्या बोटाला ते यंत्र ९८ दाखवू शकते. म्हणजे रक्तात ऑक्सिजन आहे, पण ते रक्त पायापर्यंत पोचत नाही.

हिमोग्लोबिन आधीच भरलेले असेल तर आणखी ऑक्सिजन भरायचा कुठे? तो रक्ताच्या पाण्यात विरघळवायचा. सोड्याच्या बाटलीत दाबाने गॅस विरघळवतात, तसेच हे आहे. रुग्णाला बंद टाकीत ठेवतात, आपल्यावर हवेचा नेहमी असतो त्याच्या दोन ते अडीचपट दाब देतात आणि शुद्ध ऑक्सिजन श्वासाने घ्यायला लावतात. एक बैठक साधारण दीड ते दोन तासांची असते. अशा वीस ते चाळीस बैठका होतात. साध्या हवेत १०० मिलिलीटर रक्ताच्या पाण्यात जेमतेम ०.३ मिलिलीटर ऑक्सिजन विरघळलेला असतो. तिप्पट दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन दिला तर तो सुमारे ६ मिलिलीटर होतो, म्हणजे वीसपट. १९६० साली नेदरलँड्समधील ॲमस्टरडॅम येथे डॉ. बुरेमा यांनी डुकरांच्या रक्तातील तांबड्या पेशी जवळजवळ सगळ्या काढून टाकल्या आणि अशा दाबाच्या खोलीत त्यांना जिवंत ठेवून दाखवले. ते प्रयोग वैद्यकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहेत.

आपल्या महाराष्ट्रातही ही विद्या नवी नाही. मुंबईत कुलाब्याला नौदलाचे अश्विनी रुग्णालय आहे. खोल समुद्रात बुडी मारणारे जवान घाईने वर आले तर त्यांच्या रक्तात वायूचे बुडबुडे होतात. त्यावर अशी दाबाची खोली हाच उपचार आहे. कोळशाच्या धुराने विषबाधा झाली, गॅस गँगरीन झाले, कर्करोगाच्या किरणोपचाराने हाड किंवा मांस खराब झाले, अशा ठराविक आजारांतही तिचा उपयोग मान्य आहे. मधुमेहाची, खोलवर गेलेली, न भरणारी पायाची जखमही त्या यादीत आहे. पण ती अटींसह आहे. त्या अटी जाहिरातीत छापत नाहीत.

रक्तवाहिनीवर परिणाम

रक्तवाहिनी म्हणजे रबरी नळी नव्हे. तिला आतून पातळ जिवंत अस्तर असते. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करते. त्याने रक्तवाहिनी सैल होते, रक्त सहज वाहते, गुठळी धरत नाही. वाढलेली साखर, वाढलेला रक्तदाब आणि तंबाखू हे तिघे सगळ्यात आधी या अस्तराचेच नुकसान करतात. पायात मुंग्या, बधिरपणा, चालताना पोटरी भरून येणे ही नंतरची लक्षणे.

आता जाहिरातीतल्या ‘उघडतात’ या शब्दाकडे या. टाकीत शुद्ध ऑक्सिजन घेत असताना शरीरातल्या रक्तवाहिन्या उघडत नाहीत. उलट त्या थोड्या आकुंचन पावतात. ऑक्सिजन भरपूर झाला की शरीर आपणहून रक्ताचा प्रवाह कमी करते. याचा फायदाही होतो, सूज उतरते. आणि रक्त थोडे कमी आले तरी त्यात विरघळलेला ऑक्सिजन इतका जास्त असतो की मांसाला एकूण जास्तच मिळतो. मात्र हे टाकीत असेपर्यंत आणि बाहेर आल्यावर थोडा वेळ टिकते.

बैठकांमागून बैठका झाल्या की दुसरा परिणाम सुरू होतो. जखमेच्या भोवती नवीन केशवाहिन्या, म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्या, फुटू लागतात. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले की वीस बैठकांनंतर अस्थिमज्जेतून रक्तात येणाऱ्या मूळ पेशींची संख्या सुमारे आठपट झाली. या पेशी रक्तवाहिनीच्या दुरुस्तीला लागतात. पांढऱ्या पेशी खराब अस्तराला चिकटून बसतात, तेही कमी होते. दुसऱ्या बाजूने, अति ऑक्सिजनामुळे पेशींना इजा करणारे घटकही तयार होतात. म्हणून रक्तवाहिनीच्या अस्तराचे काम कायमचे सुधारते का, याबद्दलचे निष्कर्ष एका बाजूचे नाहीत.

आपल्याकडचे उदाहरण घ्या. चोरखमारा किंवा बोदलकसा तलाव काठोकाठ भरलेला आहे, पण नहर मध्येच गाळाने बुजली आहे. टोकाच्या बांधीत धान वाळते आहे. तलावाच्या पाण्यात कितीही चांगले खत कालवले तरी टोकाच्या बांधीला काय मिळणार? पाणी थोडे झिरपत असेल तर त्या थोड्या पाण्यातले खत नक्की कामी येईल, शेवटच्या चाऱ्याही सुधारतील. पण नहर बुजलीच असेल तर फावडे घ्यावे लागते. पायाच्या मोठ्या धमनीत अडथळा असेल तर ते फावडे म्हणजे अँजिओप्लास्टी किंवा बायपास. टाकी मोठ्या धमनीतला अडथळा काढत नाही. ती बारीक चाऱ्यांना मदत करते.

प्रत्यक्ष रुग्णांत काय दिसले?

२०१० साली स्वीडनमधील एका अभ्यासात मधुमेहाच्या जुन्या जखमा असलेले ९४ रुग्ण घेतले. अर्ध्यांना टाकीत ऑक्सिजन, अर्ध्यांना त्याच टाकीत साधी हवा. कोणाला काय मिळते ते रुग्णालाही ठाऊक नव्हते. वर्षानंतर ऑक्सिजनवाल्यांपैकी ५२ टक्क्यांची जखम पूर्ण भरली, हवावाल्यांपैकी २९ टक्क्यांची. फरक मोठा आहे, तो नाकारू नये. पण दोन्ही गटांना मधुमेहाच्या पायाच्या खास दवाखान्यातली नीट देखभाल आधीपासून मिळत होती, हे विसरू नये.

नंतर २०१६ मध्ये कॅनडात १०३ रुग्णांवर अभ्यास झाला. पाय कापण्याची गरज टाकीमुळे कमी झाली नाही. २०१८ मध्ये नेदरलँड्समधून १२० रुग्णांचा अभ्यास आला. हे सगळे पायाला रक्त कमी पोचणारे रुग्ण होते. तिथेही पाय वाचण्यात आणि जखम भरण्यात खात्रीचा फरक दिसला नाही. आणि ज्यांना टाकी सांगितली होती त्यांतल्या ३५ टक्के लोकांना ठरलेल्या बैठका पूर्णच करता आल्या नाहीत. तो देश श्रीमंत, रस्ते चांगले, विमा सगळ्यांना. तिथे ही गत, तर तिरोड्याहून सुमारे शंभर किलोमीटरवरच्या नागपूरला आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे जाणाऱ्या शेतमजुराचे काय? सोबत येणाऱ्याची मजुरीही बुडते. एका बैठकीचा दर तीसने गुणा, त्यात गाडीभाडे, राहणे आणि दोघांची बुडालेली मजुरी मिळवा. त्यानंतरच अर्ध्या एकराचा विचार करा.

अमेरिकेत म्हाताऱ्यांचा सरकारी विमा आहे, मेडिकेअर. तो या उपचाराचे पैसे देतो, पण कधी? जखम खोल, म्हणजे हाडापर्यंत किंवा गळू होण्यापर्यंत गेलेली असावी, आणि नेहमीचे योग्य उपचार ३० दिवस करूनही ती जराही सुधारलेली नसावी. नेहमीच्या उपचारांत पायाचा रक्तपुरवठा तपासणे आणि शक्य असल्यास सुधारणे हे आलेच. श्रीमंत देशाचा विमा आधी हे विचारतो, मग आपण जमीन गहाण ठेवण्याआधी का विचारू नये?

फुगणारी पिशवी आणि दुसरे बाजार

आता शहरांत आणखी एक प्रकार आला आहे. झिप लावून बंद करायची, हवेने फुगणारी पिशवी. वय कमी दिसेल, थकवा जाईल, रक्ताभिसरण वाढेल असे सांगतात. तिच्यात दाब साधारण १.३ पट असतो आणि बहुतेक वेळा साधी हवाच असते. हिशेब सोपा आहे. हवेत २१ टक्के ऑक्सिजन, त्याच्या १.३ पट म्हणजे २७. दवाखान्यात तोंडाला साधा मास्क लावला तरी याहून जास्त ऑक्सिजन मिळतो. ती पिशवी आणि वर सांगितलेली टाकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ही थेरपी मधुमेह, कर्करोग किंवा स्वमग्नता बरी करते असे दावे खरे मानू नका, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्येच दिला आहे. तिचे धोकेही आहेत. कानाच्या पडद्याला इजा होते, काही दिवस नजर बदलते, फुप्फुसाचा आजार असेल तर ते फाटू शकते, क्वचित झटके येतात. मधुमेहाच्या रुग्णाची साखर टाकीतच एकदम उतरू शकते. आणि शुद्ध ऑक्सिजनात ठिणगी पडली तर आगीला वेळ लागत नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात अशा टाकीतल्या आगीत पाच वर्षांचे मूल दगावले.

सिकलसेलच्या घरांसाठी वेगळे दोन शब्द

पूर्व विदर्भातल्या आपल्या समाजात सिकलसेल आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. सिकलसेलमध्येही त्रास रक्तवाहिनीचाच. ऑक्सिजन सुटला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक वाहिन्या बुजवतात. त्यामुळे हाडे ठणकतात, खुब्याचा सांधा खराब होतो, घोट्याजवळ जखमा होतात. साहजिकच कोणीतरी सांगणार की मग ऑक्सिजनची टाकी घ्या. पण सिकलसेलच्या वेदनेसाठी ही टाकी मान्य उपचारांत नाही. तिथे हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या, भरपूर पाणी, लसी आणि वेळेवर दवाखाना हेच उपयोगी. १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे. तपासणी सरकारी दवाखान्यात करून घ्या.

दुसरे, ज्याला सिकलसेल आणि शुगर दोन्ही आहे, त्याची तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी तपासणी फसवी येऊ शकते. तांबड्या पेशी लवकर मरतात, म्हणून आकडा खोटा कमी दिसतो. नुसता वाहक असेल तरी काही यंत्रांवर आकडा चुकतो. रक्त देताना प्रयोगशाळेत आणि डॉक्टरांना ‘घरात सिकलसेल आहे’ हे आवर्जून सांगा.

ती तीन कामे

ताईंना जाहिरातीच्या कागदाच्या मागेच लिहून दिले.

पहिले, पायाची नाडी. ती दोन जागी लागते : पावलाच्या वरच्या बाजूला मध्यभागी, आणि घोट्याच्या आतल्या हाडामागे. ती डॉक्टरांकडून तपासून घ्या. लागत नसेल तर घोट्याचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाशी ताडून पाहतात आणि डॉप्लर करतात. जुन्या शुगरमध्ये धमन्या कडक होतात, त्यामुळे घोट्याचा आकडा खोटा चांगला येऊ शकतो. तेव्हा पायाच्या बोटाचा दाबही मोजायला सांगा. अडथळा असेल तर टाकीआधी रक्तवाहिन्यांच्या सर्जनचे मत.

दुसरे, जखमेवरचा भार. पाऊल टेकत राहिले तर जगातले कोणतेही औषध जखम भरू देत नाही. भार उतरवणारी चप्पल किंवा प्लास्टर, मेलेले मांस काढणे, स्वच्छ ड्रेसिंग, जंतू असतील तर योग्य औषध, साखर आटोक्यात. यात काही चमकदार नाही, पण पाय वाचतात ते बहुतेक यानेच. सोबत बिडी आणि खर्रा बंद. गोंदिया-भंडाऱ्यात बिडी वळून आपल्या कितीतरी माउल्यांनी घरे चालवली, त्या कष्टांना सलाम. पण ओढलेली बिडी रक्तवाहिन्या जाळते. ऐन तरुण बिडी ओढणाऱ्यांच्या हातापायांची बोटे सडवणारा बर्जर नावाचा आजार आहे. त्यात तंबाखू पूर्ण सोडल्याशिवाय कोणताही उपचार टिकत नाही. पंचशीलातले पाचवे शील घेताना खर्ऱ्याची पुडीही आठवावी.

तिसरे, केंद्राला प्रश्न. माझी जखम कोणत्या दर्जाची? पायाचा रक्तपुरवठा तपासला का? त्वचेवर चकती लावून ऑक्सिजन मोजणार का, आणि पहिल्या बैठकीत तो किती वाढतो ते दाखवणार का? किती बैठकांनंतर फरक नाही म्हणून थांबणार? टाकीत दाब किती, वायू कोणता, शेजारी डॉक्टर कोण? आणि हमी लेखी देणार का? ज्या केंद्राने जखम न पाहता फोनवर तीस बैठका सांगितल्या, ते या प्रश्नांना काय उत्तर देते ते ऐकण्यासारखे असेल. उत्तरे नीट मिळाली, रक्तपुरवठा पुरेसा निघाला आणि महिनाभराच्या योग्य उपचारांनीही जखम हलली नाही, तर टाकीचा विचार जरूर करा. तेव्हा मीच म्हणेन, जा.

मात्र पाय लाल होऊन सुजला, घाण वास आला, ताप आला, बोट काळे-निळे पडले, किंवा रात्री झोपेतही पाय ठणकू लागला, तर विचार करत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना.

आपण काय मागावे?

कोणी म्हणेल, सरकारने गोंदियात ही टाकी आणावी अशी मागणी करू. माझे मत वेगळे आहे. गोंदियाला २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिरोड्याला उपजिल्हा रुग्णालय आहे. आधी मागायचे ते असे : आठवड्यातून एक ठरलेला ‘पायांचा दिवस’, हातात धरायचे छोटे डॉप्लर यंत्र, बधिरपणा तपासायचा नायलॉनचा धागा, ड्रेसिंगचे शिकलेले माणूस, गरजूंना मोफत योग्य चप्पल आणि गोंदियात रक्तवाहिन्यांच्या सर्जनची ठरलेली भेट. एका टाकीवर होणाऱ्या खर्चात यातले बरेच काही बसेल, आणि जखम खोल जाण्याआधीच शेकडो पाय तपासले जातील. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपल्या रुग्णाला कोणता उपचार बसतो, हे प्रत्येक वेळी आरोग्यमित्राला विचारा.

आणि काही काम आपल्याच हातात आहे. दर पौर्णिमेला विहारात येतोच. त्या दिवशी महिला मंडळाने आणि तरुणांनी दहा-दहा जणांचे तळवे पाहावेत. भेग, फोड, रंग बदललेले बोट, बोटांमधली ओल. शुगर असलेल्याने तर हे रोज घरी करावे. स्वतःला दिसत नसेल तर नातवाला सांगावे. अनवाणी बांधीत उतरू नये, गरम पाण्यात पाय बुडवू नये, कुरूप ब्लेडने कापू नये. तथागतांनी आणि आनंदांनी एका आजारी, दुर्लक्षित भिक्खूला आपल्या हातांनी धुतले, ही कथा आपण दरवर्षी ऐकतो. मग घरातल्या माणसाचा पाय हातात घ्यायला संकोच कसला?

बाबासाहेबांनाही मधुमेह होता. शेवटच्या वर्षांत पायांच्या वेदनांनी त्यांना हैराण केले होते. माईसाहेब स्वतः डॉक्टर, त्या पथ्यपाणी सांभाळत होत्या. तशा शरीराने त्यांनी आपल्यासाठी धम्माचा ग्रंथ लिहून पूर्ण केला. कालामांना बुद्धांनी सांगितले ते हेच, की कोणी सांगतो म्हणून मानू नका, तपासून पाहा. तोच नियम चकचकीत कागदालाही लागू आहे.

ताई परवा मालकांना घेऊन उपजिल्हा रुग्णालयात जाणार आहेत. अर्धा एकर अजून त्यांच्याच नावावर आहे. तुमच्या घरी असा कागद आला असेल तर तो फाडू नका. त्याच्या मागे ही तीन कामे लिहा आणि आजच घरातल्या शुगरवाल्या माणसाचे दोन्ही तळवे उजेडात पाहा.

नमो बुद्धाय. जयभीम.